हातोडीचा आवाज आणि भिंतीमागचं पाणी: जुन्या ऑफिस इमारतीचा दर्शनी भाग तपासताना

लाकडी हातोडीनं टेराकोटाच्या, म्हणजे भाजलेल्या मातीच्या ठोकळ्यावर हलकी टिचकी मारली की धड ठोकळा खणकन वाजतो. आतून तडकलेला किंवा मागच्या आधारापासून सुटलेला ठोकळा भद्द बोलतो. माठ विकत घेताना वाजवून बघतात, तसाच हा प्रकार. फरक इतकाच, की इथे माठ चौदाव्या मजल्यावर टांगलेला असतो आणि खाली फूटपाथ असतो.

पोलादी सांगाडा आणि त्यावर टेराकोटाचा पेहराव असलेल्या जुन्या ऑफिस इमारती साधारण १८८० ते १९३० या काळातल्या. शिकागो, न्यूयॉर्क, सेंट लुई, बफेलो अशा अमेरिकी शहरांच्या मध्यवस्तीत त्या आजही वापरात आहेत. त्यांचा दर्शनी भाग तपासायचं आणि दुरुस्त करायचं काम आम्ही कोणत्या क्रमानं करतो, आणि हे काम कुठे हमखास चुकतं, ते इथे लिहीत आहोत.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. समोर दिसते ती भिंत काहीही तोलत नाही. हा बदल एकाच इमारतीत बघायचा तर शिकागोची मोनाडनॉक बिल्डिंग बघावी. तिचा उत्तरेकडचा अर्धा भाग बर्नहॅम अँड रूट यांनी १८९१ साली पूर्ण केला. सोळा मजल्यांचं वजन विटांच्या भिंतीवर, म्हणून तळाशी भिंतीची जाडी सुमारे ६ फूट. दक्षिणेकडचा अर्धा भाग होलाबर्ड अँड रोश यांनी १८९३ मध्ये पोलादी सांगाड्यावर उभा केला. तिथे भिंत पातळ झाली आणि तळमजल्यावर भाड्यानं द्यायला जागा निघाली. मध्ये फक्त दोन वर्षं. जाड भिंत म्हणजे वाया गेलेलं भाडं, हा हिशोब मालकांना पटायला वेळ लागला नाही. विल्यम ल बॅरन जेनी यांची दहा मजली होम इन्शुरन्स बिल्डिंग १८८५ ची. सांगाड्यावर वजन घेण्याची सुरुवात तिथून धरतात, पण तीही पूर्णपणे सांगाड्यावर नव्हती. काही वजन दगड-विटांच्या भिंतीवर होतंच. ती १९३१ मध्ये पाडली.

वजन सांगाड्यावर गेलं म्हटल्यावर भिंत म्हणजे अंगरखा उरला. १८७१ च्या आगीत शिकागोनं उघडं लोखंड वितळताना आणि वाकताना पाहिलं होतं, त्यामुळे पोलादाभोवती भाजलेल्या मातीचं आवरण हवंच होतं. टेराकोटा दगडापेक्षा हलका, साच्यातून हवी ती नक्षी देणारा, आगीला न भिणारा. शिवाय झिलई दिलेला असेल तर कोळशाच्या धुराची काजळी धुऊन काढता येईल, अशी अपेक्षा. १८९५ ची रिलायन्स बिल्डिंग हे त्याचं टोकाचं उदाहरण. चार्ल्स ॲटवूड यांनी चौदा मजल्यांना पांढरा झिलईदार टेराकोटा नेसवला आणि उरलेली जागा जवळपास सगळी काचेला दिली. मधली काच मोठी आणि पक्की, दोन्ही बाजूंना वर-खाली सरकणाऱ्या अरुंद झडपा. हीच ती शिकागो खिडकी. विजेचे दिवे महाग आणि मंद असताना काचेचं हे वेड उगाच नव्हतं. खिडकीपासून वीस-पंचवीस फुटांपलीकडची जागा अंधारी, म्हणजे कमी भाड्याची. म्हणून ऑफिसं उथळ, इमारतीच्या पोटात उजेडाचा चौक, आणि आतल्या पडद्या अर्ध्या काचेच्या.

आता खरी गोम. झिलई म्हणजे काच, आणि काचेतून पाणी जात नाही. म्हणून ही भिंत जलरोधक आहे असं त्या काळच्या कारागिरांनी धरून टाकलं. मागे पाणी गेलंच तर ते बाहेर कसं पडेल, याची सोय त्यांनी बहुतेक ठिकाणी केली नाही. फ्लॅशिंग (आत आलेलं पाणी बाहेर वळवणारा पत्रा) नाही, निचऱ्याची भोकं नाहीत, भिंत हलायला-फुगायला मोकळी दरज नाही. पाणी झिलईतून शिरत नाही हे खरंच आहे. ते शिरतं दरजांतून, कॉर्निसच्या (इमारतीच्या माथ्याशी भिंतीबाहेर आलेल्या पट्ट्याच्या) माथ्यावरून, खिडकीच्या उंबऱ्याच्या कोपऱ्यातून, पाटी टांगण्यासाठी कुणीतरी पाडलेल्या भोकातून. आणि बाहेर पडताना त्याला झिलई आडवी येते. थंडीत ते तिथेच गोठतं आणि झिलईचा पापुद्रा उडवून लावतं. सांगाड्यापर्यंत पोचलं तर गंज. गंज मूळ पोलादापेक्षा कित्येक पट जागा घेतो आणि ठोकळ्याला मागून ढकलतो. भेग दिसते ठोकळ्यावर, दुखणं असतं चार फूट वर किंवा हातभर मागे. या कामात एवढं एकच पक्कं डोक्यात ठेवावं लागतं: भेगेमागे न धावता पाण्यामागे जायचं.

प्रत्यक्ष कामाची सुरुवात कागदांपासून. बांधकाम परवान्याची नोंद, शहराच्या जुन्या डिरेक्टऱ्या, जुने फोटो, आणि सॅनबोर्न कंपनीचे आगीच्या विम्याचे नकाशे. हे नकाशे १८६७ पासूनचे, आणि त्यांत रंगांची भाषा आहे: गुलाबी म्हणजे वीट, पिवळा म्हणजे लाकूड, निळा म्हणजे दगड. त्याच जागेचे वेगवेगळ्या सालांचे नकाशे शेजारी ठेवले की मजले कधी चढले, शेजारची इमारत कधी पडली, उजेडाचा चौक कधी झाकला, हे कळतं. मजले चढवणं तेव्हा नेहमीचंच होतं. होम इन्शुरन्सवरही १८९१ मध्ये आणखी दोन मजले चढले होते. मूळ इमारत आणि चढवलेले मजले यांच्या सांध्यावर नंतर हमखास गळती सापडते.

सर्वांत मोलाचा कागद म्हणजे टेराकोटा कारखान्याची कामाची चित्रं. वास्तुकाराच्या चित्रावरून कारखाना प्रत्येक ठोकळ्याचं चित्र काढायचा आणि त्याला क्रमांक द्यायचा. ठोकळा सांगाड्याला कुठल्या सळईनं, कुठल्या लोखंडी आकड्यानं (हुकानं) धरला आहे, हे त्याच चित्रात असतं. ती मिळाली तर भिंत उघडायची ठिकाणं निम्म्यानं कमी होतात. पण आंधळा विश्वास नको. सांगाडा दोन-तीन इंच इकडेतिकडे उभा राहिला असेल, तर जागेवरच्या माणसानं सळई वाकवून, भोक वाढवून वेळ मारून नेलेली असते. कागदावर सरळ दिसणारा आकडा भिंतीत अनेकदा नागमोडी निघतो.

मग इमारतीच्या आत. बाहेरून बघण्याची घाई असते, पण आधी आतून फिरणं फायद्याचं. प्रत्येक मजल्यावर, प्रत्येक खिडकीच्या डोक्यावर आणि उंबऱ्याखाली ओलीचे डाग, सुटलेला गिलावा, गंजाचे ओघळ हे नकाशावर मांडत जायचं. एकावर एक मजले ठेवून बघितलं की पाण्याची वाट उभी दिसायला लागते. कोपऱ्यातल्या खांबांच्या रांगेत डाग सलग खाली उतरत असतील, तर खांबामागे पाणी वाहतं आहे असं समजावं. एखाद्याच मजल्यावर असतील तर तिथलीच खिडकी, किंवा तिथे कुणीतरी बसवलेला एसी.

आत असताना फरशीखालीही डोकवावं लागतं. त्या काळच्या स्लॅबा काँक्रीटच्या नसतात. पाच-सहा फुटांवर लोखंडी तुळया, आणि त्यांच्यामध्ये पोकळ मातीच्या ठोकळ्यांची सपाट कमान. खालून गिलावा, वरून भराव आणि फरशी. ही कमान ठोकळ्यांनी एकमेकांना दाबून धरल्यामुळे उभी असते, आणि तिचा बाजूला जाणारा जोर तुळयांना जोडणाऱ्या सळया घेतात. पाइपासाठी किंवा केबलसाठी मधला किल्लीचा ठोकळा कुणी फोडला की त्या पट्ट्यातले बाकीचे ठोकळे नुसते घर्षणावर टिकून राहतात. आम्ही छत उघडलं की पहिल्यांदा असे खड्डे मोजतो. या ठोकळ्यांत फुगणारा अँकर ठोकणं हाही नेहमीचा घोळ. ठोकळ्याची कड जेमतेम इंचभर जाडीची, अँकर फुगला की तीच फुटते. काही टांगायचं असेल तर तुळईच्या ओठाला पकड लावून टांगावं.

त्यानंतर गच्ची, पॅरापेट (गच्चीच्या कडेची कठड्याची भिंत) आणि कॉर्निस. दर्शनी भागाच्या निम्म्या तक्रारी इथून सुरू होतात असं म्हटलं तरी अतिशयोक्ती नाही. पॅरापेटला दोन्ही बाजूंनी पाऊस, दोन्ही बाजूंनी थंडी, आणि आतून ऊब नाही. कॉर्निस तर भिंतीबाहेर तीन-चार फूट लोंबकळणारा. तो तोलण्यासाठी सांगाड्यातून बाहेर काढलेली पोलादी दांडकी असतात, ठोकळे त्यांच्यावर टांगलेले. माथ्याला पन्हळ. ती फुटली की पाणी थेट दांडक्यांवर. दांडकं गंजतं, ठोकळा खाली झुकतो, झुकल्यामुळे दरज उघडते, आणखी पाणी. विसाव्या शतकाच्या मध्यावर अनेक मालकांनी यावर सोपा उपाय केला: कॉर्निसच उतरवून टाकला. रिलायन्सचाही गेला होता, तो १९९० च्या दशकातल्या दुरुस्तीत पुन्हा घडवला. कॉर्निस गेलेल्या इमारतीवर एक गोष्ट बारकाईनं बघावी. वरून येणारं पाणी भिंतीपासून लांब फेकण्याचं कामही कॉर्निस करत होता, आणि तो कापल्यावर पाणी थेट दर्शनी भागावरून ओघळतं. शिवाय कापलेल्या दांडक्यांची टोकं विटांत तशीच गाडलेली असतात. ती गंजत राहतात आणि नवं पॅरापेट उचलतात.

आता भिंत. आधी समोरच्या इमारतीच्या गच्चीवरून दुर्बिणीनं, मग झुलत्या पाळण्यातून हाताच्या अंतरावरून. दुर्बिणीवर भागवणारे लोक आहेत, पण दुर्बीण ठोकळा वाजवून देत नाही. पाळण्याची एक उतरण साधारण वीस-तीस फूट रुंदीची पट्टी देते. प्रत्येक ठोकळ्यावर निदान दोन टिचक्या, एक मध्यावर आणि एक कडेजवळ, कारण ठोकळ्याच्या आत उभे पडदे असतात आणि पडद्यावर मारलं तर फुटका ठोकळाही बरा वाजतो. उन्हात तापलेली भिंत आणि सकाळची गार भिंत थोडी वेगळी वाजते, म्हणून एक पट्टी एकाच बैठकीत संपवावी. रहदारी वाढली की आवाज ऐकू येत नाही. पहाटेची वेळ सगळ्यांत चांगली.

भेगांचे प्रकार वेगळे ओळखायला शिकावं लागतं, नाहीतर नकाशा नुसता लाल होतो. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा फक्त झिलईत असतात. माती आणि झिलई वेगवेगळ्या प्रमाणात आक्रसतात-फुगतात, म्हणून त्या पडतात. त्यांची नोंद घ्यायची, घाबरायचं नाही. नाण्याएवढे झिलईचे पापुद्रे उडालेले असतील तर मागे पाणी आहे. इमारतीच्या कोपऱ्यावर, कडेपासून हातभर अंतरावर, मजलेच्या मजले सलग उभी भेग असेल, तर कोपऱ्यातला खांब गंजला असण्याची शक्यता मोठी. मजल्याच्या पातळीवर आडवी भेग, आणि खालचा ठोकळा किंचित पुढे आलेला असेल, तर तिथली तुळई किंवा ठोकळे तोलणारा पोलादी कोन फुगला आहे. आणि तिरकी, पायऱ्यांसारखी, अनेक मजल्यांतून जाणारी भेग बहुधा टेराकोटाची नसते, पायाची असते.

पायाचा विषय आमच्या कामात थोडक्यात येतो, पण वगळता येत नाही. शिकागोची माती मऊ. १८८२ च्या मोंटॉक ब्लॉकसाठी रूट यांनी रेल्वेचे रूळ आडवे-उभे रचून काँक्रीटमध्ये गाडले आणि त्यावर इमारत तरंगत ठेवली. मोनाडनॉक आठेक इंच बसेल असं धरलं होतं, ती वीस इंचांच्या आसपास बसली. एवढं बसूनही इमारत धड राहते, कारण ती एकसारखी बसली. भेगा पडतात त्या असमान बसण्यानं. भेगेवर काचेची पट्टी किंवा मापक चिकटवून वर्षभर वाचन घ्यावं. भेग ऋतूप्रमाणे उघडत-मिटत असेल तर तापमानाची, एकाच दिशेनं वाढत असेल तर पायाची.

नकाशा तयार झाला की भिंत उघडायची. किती ठिकाणी? आमचा अनुभव सांगतो, एका दर्शनी बाजूला निदान सहा-सात: कोपऱ्याचा खांब, मधला खांब, दोन वेगवेगळ्या मजल्यांची तुळई, खिडकीचं डोकं, कॉर्निसच्या खाली, आणि एक पूर्णपणे धड वाटणारी जागा. ही शेवटची जागा बहुतेक लोक टाळतात, पैसे वाया जातात म्हणून. पण तुलनेला ती नसेल तर बाकीच्या सहांतलं काय वाईट आणि काय नेहमीचं, हे ठरवता येत नाही. उघडण्याआधी दरजेतून साधारण अर्ध्या इंचाचं भोक पाडून आत छोटा कॅमेरा घालून बघावं. भोक दरजेतच, ठोकळ्याच्या अंगात कधीही नाही. दरज भरून येते, ठोकळा भरून येत नाही.

ठोकळा अख्खा काढणं ही कलाच आहे. आजूबाजूच्या दरजा पातळ पात्यानं कापल्या तरी तो हलत नाही, कारण मागून दोन-तीन लोखंडी आकडे आणि पोकळीत ठासलेला विटांचा चुरा व मसाला त्याला धरून असतात. म्हणून एक ठोकळा बळी द्यावा लागतो. त्याला मधून फोडून काढायचं, मग त्या मोकळ्या जागेतून शेजारच्यांचे आकडे कापायचे आणि ते एकेक सरकवून घ्यायचे. बळी द्यायचा ठोकळा साधा, सपाट आणि आधीच तडकलेला निवडावा, नक्षीचा नाही.

काढलेला ठोकळा उलटा करून बघण्यासारखा असतो. समोरचं अंग कोरीव आणि गुळगुळीत, पण पाठ उघडी. इंचभर जाडीच्या कडा, मध्ये पडदे, आणि कडेला काळ्या रंगात किंवा कोरून लिहिलेला क्रमांक, तोच जो कारखान्याच्या चित्रात असतो. कधी साच्यात माती दाबताना उमटलेले बोटांचे ठसे जसेच्या तसे. ओल्या ठिकाणचा ठोकळा असेल तर पोकळीतला भराव हाताला गार आणि चिकट लागतो, आणि आकड्याच्या जागी तपकिरी पापुद्र्यांची चळत हातात येते. मधे धड लोखंड पेन्सिलीएवढंही उरलेलं नसतं. कितीतरी ठोकळे केवळ शेजाऱ्यांच्या दाबावर उभे होते, हे तेव्हा कळतं.

सांगाड्याचा गंज छिन्नीनं पूर्ण खरवडूनच उरलेली जाडी मोजायची. गंजासकट मोजलं तर तुळई मूळपेक्षाही जाड भरते. साधारण दहा टक्क्यांपर्यंत घट असेल तर सहसा साफ करून रंग पुरतो. त्यापुढे हिशोब करून पट्ट्या जोडायच्या. इथे एक इशारा. १९०० च्या आगेमागेचं लोखंड-पोलाद कसलं आहे हे तुकडा तपासल्याशिवाय कळत नाही. सुरुवातीच्या काही इमारतींत खांब ओतीव लोखंडाचे आहेत, आणि जुन्या पोलादात गंधक-फॉस्फरस जास्त असू शकतो. अशावर सरळ वेल्डिंग केलं तर सांध्याशेजारी तडा जातो. मूळ सांगाडा रिव्हेटचा आहे, जोडणीही बोल्टांनीच करावी.

आणखी एक चाचणी, जी स्वस्तात वगळली जाते: भिंतीत कोंडलेला दाब मोजणं. सांगाडा वर्षानुवर्षं वजनाखाली किंचित आखूड होतो, भाजलेली माती ओलाव्यानं किंचित फुगते. मोकळी दरज नसल्यामुळे सगळा दाब ठोकळ्यांत साचतो. ठोकळ्यावर ताणमापक चिकटवायचा, वाचन घ्यायचं, शेजारची आडवी दरज कापायची आणि पुन्हा वाचायचं. दाब होता तर आकडा उडी मारतो. मग मजल्यागणिक आडवी दरज कापून ती लवचीक सीलंटनं भरतात, म्हणजे भिंतीला श्वास मिळतो. पण त्या मजल्यावर ठोकळे तोलणारा पोलादी कोन खरंच आहे ना, हे उघडून बघितल्याशिवाय करवत लावायची नाही. बऱ्याच जुन्या इमारतींत तो प्रत्येक मजल्यावर नसतो, आणि मग जी दरज कापली तिच्यावरच वरच्या दोन मजल्यांची भिंत बसलेली असते.

तपासणी चालू असतानाच जे पडेल असं वाटतं ते लगेच सुरक्षित करावं लागतं. स्टेनलेस पट्टी, जाळी, खाली फूटपाथवर छप्पर. न्यूयॉर्कमध्ये १९७९ साली इमारतीवरून सुटलेल्या तुकड्यानं एका कॉलेज विद्यार्थिनीचा बळी गेला. त्यानंतर १९८० मध्ये सहा मजल्यांपेक्षा उंच इमारतींचा दर्शनी भाग दर पाच वर्षांनी तपासण्याचा कायदा आला. १९९८ मध्ये तो मागच्या-बाजूच्या भिंतींनाही लागू झाला. छप्पर उभारून दहा-दहा वर्षं दुरुस्तीच न करणं, हा मात्र त्या कायद्याच्या हेतूशी केलेला विनोद आहे.

दुरुस्तीत सर्वांत वेळखाऊ भाग नवे ठोकळे. ओली माती वाळताना आणि भाजताना फुटामागे साधारण इंचभर आक्रसते. म्हणजे जुन्या ठोकळ्यावरूनच साचा घेतला तर दोन फुटांचा ठोकळा बावीस इंचांचा होऊन येतो, आणि ही चूक अजूनही होते. साचा त्या प्रमाणात मोठा करून घ्यावा लागतो. रंगाचा नमुना धुतलेल्या ठोकळ्याशी जुळवायचा, काजळी चढलेल्या ठोकळ्याशी नाही. तोही बाहेर, दिवसाच्या उजेडात, कोरडा आणि ओला असा दोन्ही. एकच नमुना मंजूर करू नये. जुन्या भिंतीतच भट्टीगणिक छटा वेगळ्या आहेत, म्हणून फिकट, मध्यम आणि गडद असे तीन घ्यावेत आणि लावताना मिसळावेत. हे कारखाने आता मोजके उरलेत: कॅलिफोर्नियातलं १८७५ पासूनचं ग्लॅडिंग मॅकबीन, न्यूयॉर्क राज्यातलं बॉस्टन व्हॅली. नमुने मंजूर झाल्यापासून माल यायला चार-सहा महिने सहज जातात, त्यामुळे भिंत उघडण्याच्या तारखा त्या हिशोबानं लावाव्या.

काटकसर म्हणून काचतंतूचं काँक्रीट किंवा फायबरचे ठोकळे सुचवले जातात. वरच्या कॉर्निसला, जिथे वजन कमी करायचं आहे, तिथे त्यांना विरोध नाही. पण ते तापमानानं वेगळ्या प्रमाणात फुगतात आणि उन्हानं त्यांचा रंग वेगळ्या वेगानं उतरतो. धड टेराकोटाच्या मधोमध बसवले की काही वर्षांत ठिगळ दिसू लागतं. वूलवर्थ बिल्डिंगच्या १९७७ ते १९८१ च्या दुरुस्तीत हजारो ठोकळ्यांच्या जागी काँक्रीटचे बसवले गेले. त्या वेळी तोच व्यवहार्य मार्ग वाटला असणार, आणि टेराकोटा घडवणारे तेव्हा आजच्यापेक्षाही कमी होते. आज आम्ही तसं सुचवणार नाही.

बसवताना नवे आकडे स्टेनलेसचेच. पोलादाला गंज काढून जस्ताचा प्रायमर आणि वर इपॉक्सी. तुळईवर फ्लॅशिंग, तिची कड ठोकळ्याच्या तोंडापर्यंत बाहेर आणलेली, आणि दर दोन फुटांवर निचऱ्याचं भोक. पोकळीत पुन्हा विटांचा चुरा ठासायचा नाही. जुन्या कारागिरानं ठासला होता म्हणून आपणही ठासावा, हा जतनाचा अतिरेक झाला.

दरजा भरणं सोपं वाटतं, म्हणून ते सगळ्यांत वाईट होतं. जुनी दरज रुंदीच्या अडीच पट खोल काढायची. दरज पाव इंचाची असली तर खोली पाऊण इंचापर्यंत. ग्राइंडरची चकती उभ्या दरजेत दोन्ही टोकांना पुढे जाते आणि वरच्या-खालच्या ठोकळ्याची झिलई कापते. उभ्या दरजा हातानंच काढाव्या. मसाला ठोकळ्यापेक्षा नरम हवा: एक भाग सिमेंट, एक चुना, सहा वाळू, किंवा त्याहून नरम एक-दोन-नऊ. कडक सिमेंट घातलं की भिंत दबते तेव्हा दरज दबत नाही आणि ठोकळ्याची कड फुटते. भरायचं ते पाव-पाव इंचाच्या थरांत, आधीचा थर अंगठ्याचा ठसा घेण्याइतका कडक झाल्यावर पुढचा. तापमान चार अंशांखाली जाणार असेल तर त्या दिवशी काम नाही.

उभ्या भिंतीवरच्या दरजांत सीलंट घालू नये. आतलं पाणी त्याच वाटेनं बाहेर पडत असतं. ती बुजवली की ते मागेच मुरतं, आणि बाहेरून भिंत कोरडी, स्वच्छ, दुरुस्त दिसते. अपवाद दोनच: वर सांगितलेली मुद्दाम कापलेली आडवी दरज, आणि आकाशाकडे तोंड असलेल्या दरजा, म्हणजे कॉर्निसचा माथा आणि उंबऱ्यांची वरची बाजू. या दुसऱ्या ठिकाणी शिशाची टी-आकाराची पट्टी मसाल्यात दाबून बसवली तर ती सीलंटपेक्षा कितीतरी जास्त टिकते. पूर्ण दर्शनी भागावर जलरोधक लेप मारणं म्हणजे तर झिलईनं केलेली चूक दुसऱ्यांदा करणं. आतून भिंतीला इन्सुलेशन लावतानाही हिशोब करावा. आतली ऊब भिंतीपर्यंत पोचेनाशी झाली की ती ओली राहते, जास्त गोठते, आणि शंभर वर्षं टिकलेली झिलई थोड्याच हिवाळ्यांत उडू लागते.

साफसफाईला पाणी, सौम्य डिटर्जंट आणि नैसर्गिक केसांचा ब्रश. वाळूचा मारा किंवा हायड्रोफ्लोरिक आम्ल असलेलं द्रावण लागलं की झिलईची चकाकी गेली ती गेलीच. मग तिथे काजळी दुप्पट वेगानं बसते.

शेवटी पाण्याची चाचणी. पाइप घेऊन वरून सुरुवात केली तर पाणी खाली ओघळत सगळ्याच दरजांत शिरतं आणि आत ओल आली तरी ती कुठून आली हे कळत नाही. म्हणून सर्वांत खालच्या दरजेपासून सुरू करायचं, एका पट्टीवर दहा-पंधरा मिनिटं, मग एक पट्टी वर. आत एक माणूस उघड्या गिलाव्यापाशी टॉर्च घेऊन बसलेला, आणि दोघांच्या घड्याळांची वेळ जुळवलेली. आत पहिला थेंब दिसला की बाहेर त्या क्षणी पाइप ज्या दरजेवर असेल, तीच दरज पुन्हा उघडायची.